साथीच्या काळात शाळा उघडायच्या की शिक्षक जपायचे? सविस्तर उत्तर

प्रश्न असा आलाय की कोविडची साथ चालू असताना शाळा उघडायला विरोध करणारे शिक्षक बरोबर होते का, की मुलांचं नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही अडून बसले, आणि उद्या परत अशी साथ आली तर शाळेने नेमकं करायचं काय. मी व्यवसाय-आरोग्य या क्षेत्रातला डॉक्टर आहे. कामाच्या जागेमुळे माणूस आजारी पडू नये हे बघणं हे माझं काम, आधी कारखाने आणि हॉस्पिटलं बघायचो, कोविडनंतर शाळाही बघायला लागलो. उत्तर लांबणार आहे, कारण एका ओळीत उत्तर देणाऱ्यांनीच या वादाचा विचका केला असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी माझं म्हणणं सांगून टाकतो. शाळा ही मुलांची शिकायची जागा आहे तशीच शिक्षकांची कामाची जागा आहे, आणि कुठल्याही कामाच्या जागेबद्दल आपण जे विचारतो तेच इथे विचारायला हवं होतं, की धोका कुठून येतोय, कुठल्या खोलीत जास्त आहे, आणि तो कमी करायला व्यवस्थापनाने काय केलं. ते सोडून सगळीकडे एकच वाद घातला गेला, उघडायची की बंद ठेवायची. त्यात शिक्षक एका बाजूला, पालक दुसऱ्या बाजूला, आणि ज्यांच्या हातात खिडक्या, पंखे, मास्क, रजेचे नियम होते ते मधल्या मध्ये सुटले. शिक्षक सुरक्षित असणं ही शाळा चालू राहायची अट आहे हो, शिक्षक आजारी पडले की शाळा तशीही बंदच पडते. जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनच्या लाटेत कितीतरी ठिकाणी हेच झालं, वरून आदेश शाळा चालू ठेवायचा आणि इकडे वर्गावर पाठवायला माणूस नाही.

सुरुवातीला शाळा बंद केल्या त्याबद्दल मी कुणालाही दोष देत नाही. मार्च २०२० मध्ये या विषाणूबद्दल फारसं काही माहीत नव्हतं आणि फ्लूच्या अनुभवावरून सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की श्वसनाचे आजार मुलं घरोघरी नेतात, त्यामुळे शाळा आधी बंद करा हा सल्ला त्या वेळी रास्तच होता. युनेस्कोच्या आकड्यांप्रमाणे एप्रिल २०२० मध्ये १९० च्या आसपास देशांतली मिळून दीडशे कोटींपेक्षा जास्त मुलं शाळेबाहेर होती. खरा घोळ त्यानंतरचा आहे. पुढच्या सहा-आठ महिन्यांत माहिती भराभर येत गेली पण शाळांचे नियम मात्र मार्चमध्येच अडकून राहिले, बाकं पुसा, गेटवर ताप मोजा, सहा फूट अंतर ठेवा, आणि हे झालं की शाळा सुरक्षित आहे असं पत्रक काढा.

आता शिक्षकांना खरंच धोका होता का यावर येतो, कारण दोन्ही बाजूंनी इथे सोयीचे आकडे फेकले गेले.

मला सगळ्यात पटणारा पुरावा स्वीडनचा आहे. तिथे मार्च २०२० मध्ये वरच्या माध्यमिक शाळा, म्हणजे साधारण सोळाच्या पुढची मुलं, ऑनलाइन गेली आणि त्याखालच्या शाळा चालूच राहिल्या, म्हणजे एकाच देशात, एकाच साथीत, साधारण सारख्याच पगाराचे आणि सारख्याच शिक्षणाचे दोन गट तयार झाले, एक वर्गात उभा आणि एक घरून शिकवणारा. जूनअखेरपर्यंतची तुलना केली तर वर्गात शिकवणाऱ्यांमध्ये संसर्गाचं प्रमाण घरून शिकवणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघालं. त्यांच्या जोडीदारांमध्येही साधारण २९ टक्के जास्त. आणि ज्यांची मुलं शाळेत जात होती त्या पालकांमध्ये वाढ फक्त १७ टक्के. हे तीन आकडे एकत्र वाचा. शाळा चालू राहिल्याने पूर्ण समाजात आग लागली असं झालं नाही, पण जो माणूस रोज त्या वर्गात उभा राहतो त्याच्यावर ओझं पडलं आणि ते तो घरीही घेऊन गेला. स्वीडनमध्ये त्या वेळी मास्क जवळपास नव्हतेच हेही लक्षात ठेवा.

याच्या उलट इंग्लंडचा आकडा खूप फिरवला गेला. तिथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाने २०२० च्या मृत्यूंचा हिशोब मांडला तेव्हा शिक्षकांचा कोविडने होणारा मृत्युदर त्याच वयाच्या बाकी लोकांपेक्षा लक्षणीय जास्त नव्हता. आकडा खरा आहे. पण त्यावरून शिक्षकांना धोका नव्हता असं म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी सोडल्या. एक, त्या वर्षातला बराच काळ बहुतेक मुलं शाळेत नव्हतीच. दोन, ज्या सरासरीशी तुलना केली त्या सरासरीत टॅक्सीवाले, सिक्युरिटी गार्ड, केअर होममधले कामगार असे सगळे येतात, ज्यांचे हाल झाले. सरासरीइतका धोका म्हणजे सुरक्षित असा अर्थ माझ्या क्षेत्रात कुणी काढत नाही.

आणि वय. वय या चर्चेत कुणी नीट आणलंच नाही. लस येण्याआधीच्या काळात २५ वर्षांच्या माणसाला संसर्ग झाला तर मरण्याची शक्यता साधारण दहा हजारात एक आणि ५५ व्या वर्षी साधारण हजारात चार, असे अंदाज निघाले होते, म्हणजे चाळीसपट फरक. एकाच स्टाफरूममध्ये नुकती लागलेली २५ वर्षांची शिक्षिका आणि निवृत्तीला आलेले, डायबेटिस असलेले सर दोघंही बसतात. दोघांना एकच नियम लावणं हे बेजबाबदारपणाचं आहे. पहिलं काम हे हवं होतं की कुणाला जास्त धोका आहे ते गुप्तता राखून विचारायचं आणि त्यांना ऑनलाइन वर्ग, परीक्षेचं काम, घरून होणारं काम द्यायचं. काही ठिकाणी हे झालं. बऱ्याच ठिकाणी शिक्षकांना सर्टिफिकेट घेऊन दारोदार फिरावं लागलं.

आता एक वर्ग अगदी जवळून दाखवतो, कारण मी जिथे जातो तिथे हेच उदाहरण देतो. कॅलिफोर्नियातली मरिन काउंटी, मे २०२१. प्राथमिकचा वर्ग, २४ मुलं, एवढी लहान की त्यांच्यासाठी लस उपलब्धच नव्हती. बाकांमध्ये सहा फूट अंतर, दारं-खिडक्या उघड्या, वर्गात हवेतले बारीक कण गाळणारं हेपा फिल्टरचं मशीन, मुलांना मास्क. कागदावर सगळं झालेलं. शिक्षकाने लस घेतली नव्हती. १९ मे ला नाक चोंदलं, थकवा आला, ॲलर्जी असेल असं वाटलं म्हणून दोन दिवस कामावर येणं चालूच राहिलं, आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवताना मधून मधून मास्क खाली केला. त्यातून वर्गातली १२ मुलं पॉझिटिव्ह आली. पुढच्या दोन रांगांतल्या १० पैकी ८ आणि मागच्या तीन रांगांतल्या १४ पैकी ४.

हे रांगांचं चित्र डोक्यात ठेवा. मोठ्याने बोलणारा माणूस सगळ्यात जास्त कण हवेत सोडतो, आणि वर्गात दिवसभर मोठ्याने बोलणारा माणूस एकच असतो. म्हणजे शिक्षक नुसता धोक्यात नसतो, तो आजारी असेल तर पूर्ण वर्गासाठी सगळ्यात मोठा उगमही तोच असतो. म्हणून शिक्षकाची सुरक्षा विरुद्ध मुलांचं हित ही मांडणी मला कधीच पटली नाही, जे शिक्षकाला वाचवतं तेच मुलांना वाचवतं. दुसरं, खिडक्या उघड्या आणि फिल्टर चालू असूनही हे झालं, म्हणजे हवा चांगली असणं पुरेसं नाही, समोरासमोर जवळून येणारा श्वास फिल्टरपर्यंत पोहोचायच्या आधीच पुढच्या बाकावर पोहोचतो. त्याला तोंडावरचा मास्क आणि आजारी माणसाने घरी राहणं हेच दोन उपाय. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तो शिक्षक कामावर का आला असेल? त्या माणसाबद्दल मी काही बोलणार नाही, पण मी ज्या शाळा बघितल्या तिथे शिक्षक नाक गळत असताना कामावर येतात याची कारणं ठरलेली आहेत, रजा कापली जाते, बदली शिक्षक मिळत नाही, आपण नाही गेलो तर शेजारच्या वर्गातल्या बाईंवर दोन वर्गांचा बोजा पडतो आणि मुख्याध्यापकांचा चेहरा उतरतो. भरपगारी आजारपणाची रजा, तीही पुरावा न मागता आणि वार्षिक रजेतून न कापता, हा साथ रोखण्याचा उपाय आहे. मला फक्त एकच नियम लागू करायची मुभा दिली तर मी हा करेन.

दुसरं उदाहरण जेरुसलेमचं. इस्रायलने मे २०२० मध्ये शाळा पूर्ण उघडल्या, वर्गात ३५ ते ३८ मुलं. त्याच आठवड्यात उष्णतेची लाट आली म्हणून तीन दिवस मास्कमधून सूट दिली गेली, एसी सतत चालू. थोड्याच दिवसांत एका हायस्कूलमध्ये १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी पॉझिटिव्ह निघाले. वर्गाचा आकार बघितला तर एका मुलाच्या वाट्याला सव्वा चौरस मीटरच्या आसपास जागा येत होती. आणि याच्या महिनाभर आधी, १५ एप्रिलला, डेन्मार्कने शाळा उघडल्या होत्या, पण फक्त लहान मुलांच्या, छोटे छोटे गट करून, शक्य तेवढं उघड्यावर शिकवून, आणि तिथे संसर्ग उसळला नाही. दोन्ही देशांनी शाळा उघडल्या म्हणून बातमी एकच झाली, प्रत्यक्षात दोघांनी केलेल्या गोष्टी पूर्ण वेगळ्या होत्या. समाजात साथ किती आहे, मुलं किती वयाची, खोलीत किती, हवा कशी, यावर सगळं ठरतं.

हवेबद्दल थोडं सविस्तर बोलतो कारण शाळेच्या हातात असलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि सगळ्यात उशिरा कळली. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये हा आजार हवेतून पसरत नाही असं ठासून सांगितलं होतं, आणि बंद, हवा न खेळणाऱ्या जागेत तो हवेतून पसरतो हे त्यांच्या माहितीपत्रात स्पष्टपणे यायला एप्रिल २०२१ उजाडलं. त्या वर्षभरात शाळांनी सॅनिटायझर, फवारणी, प्लास्टिकचे पडदे यावर किती पैसा आणि किती माणसांची मेहनत घातली याचा विचार केला की अजून वाईट वाटतं. शिपाई मावशी रोज दोनदा बाकं पुसून थकायच्या आणि खिडक्या मात्र बाहेरचा आवाज येतो म्हणून बंद.

खोलीची हवा कशी आहे ते डोळ्यांना दिसत नाही पण मोजता येतं. आपण श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणून सीओटू मीटरचा आकडा म्हणजे साधारणपणे दुसऱ्याने सोडलेली हवा आपण किती घेतोय त्याचा अंदाज. बाहेर उघड्यावर हा आकडा ४२० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भागांच्या, आसपास असतो. भरलेल्या वर्गात दारं-खिडक्या लावून घ्या आणि मीटर टेबलावर ठेवून बघत बसा, पहिला तास संपेपर्यंत तो सहज २००० च्या पुढे जातो, मागच्या बाकांवरची मुलं जांभया द्यायला लागतात, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की पाच-सात मिनिटांत आकडा धाडकन खाली येतो. हे मी शिक्षकांच्या मीटिंगमध्ये प्रत्यक्ष करून दाखवतो, त्यानंतर खिडक्या उघडा म्हणून परत सांगावं लागत नाही. ८०० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. एकाच बाजूला खिडक्या असतील तर दार उघडं ठेवून दारात पंखा बाहेरच्या दिशेने लावा, आतल्या आत हवा फिरवणारा छताचा पंखा ताजी हवा आणत नाही, साधा एसी पण आणत नाही. जर्मनीत हिवाळ्यात खिडक्या सतत उघड्या ठेवणं शक्य नव्हतं म्हणून त्यांनी २० मिनिटं शिकवा, पाच मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडा, परत २० मिनिटं शिकवा असा नियम केला. साधा आहे, फुकट आहे.

खिडकीच नसेल किंवा बाहेरची हवाच खराब असेल तर हेपा फिल्टर. इथे शाळा फसतात. हिशोब असा करायचा, समजा खोली आठ मीटर बाय सात आणि उंची तीन, म्हणजे १६८ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा साफ व्हायला पाहिजे, म्हणजे १६८ गुणिले ५, साधारण ८४० घनमीटर प्रति तास. मशीनवर सीएडीआर नावाचा आकडा लिहिलेला असतो, म्हणजे ते तासाला किती घनमीटर साफ हवा देतं तो, तो ४२० असेल तर अशी दोन मशीन लागतील. पण तो आकडा फुल स्पीडचा असतो आणि फुल स्पीडला मशीन एवढा आवाज करतं की शिकवताना घसा ताणावा लागतो, मग कंटाळून कुणीतरी ते बंद करतं किंवा एक नंबरवर ठेवतं. म्हणून खरेदी करताना मधल्या स्पीडचा सीएडीआर विचारा आणि त्यावर हिशोब करा. बजेट नसेल तर चार चांगले फिल्टर आणि एक चौकोनी पंखा टेपने जोडून बनवलेलं खोकं पण उत्तम चालतं, रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांनी २०२० मध्ये ही कल्पना मांडली आणि कित्येक शाळांमध्ये मुलांनी स्वतः ती खोकी बनवली. फक्त यूव्ही, आयन, प्लाझ्मा असली मशीन गळ्यात मारायला येतात त्यांना नको म्हणा.

याचा फायदा किती होतो? अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या १६९ प्राथमिक शाळांची नोव्हेंबर-डिसेंबर २०२० मधली तुलना आहे. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना मास्क सक्तीचा होता तिथे रुग्णांचं प्रमाण ३७ टक्के कमी, खिडक्या-दारं-पंखे यांनी हवा खेळती केली तिथे ३५ टक्के कमी, आणि त्यासोबत फिल्टरही होते तिथे ४८ टक्के. अशा अभ्यासात इतर फरक मिसळलेले असतात हे मान्य, पण दिशा स्पष्ट आहे आणि भौतिकशास्त्राशी जुळते.

आता स्टाफरूम. यावर कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम वेगळं लिहितो. शिक्षकांना वर्गाची भीती वाटते पण संसर्ग बऱ्याचदा एकमेकांकडून होतो. इंग्लंडमध्ये २०२० च्या उन्हाळ्यात शाळांमध्ये जे छोटे उद्रेक झाले त्यातले बहुतेक रुग्ण कर्मचारी होते, मुलं कमी. जॉर्जियातल्याच एका शाळा-समूहात शोध घेतला तर बहुतेक क्लस्टरमध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या रुग्णांच्या गटांमध्ये, शिक्षक सापडले आणि मीटिंग, एकत्र जेवण अशा ठिकाणी शिक्षकाकडून शिक्षकाला लागण झालेली दिसली. साहजिक आहे, वर्गात चार तास मास्क लावून दमलेला माणूस आपल्या माणसांत आला की मास्क काढतो, डबा उघडतो, आणि स्टाफरूम बहुतेक वेळा शाळेतली सगळ्यात कोंदट खोली असते कारण चांगल्या खोल्या वर्गांना दिलेल्या असतात. उपाय सोपे आहेत, जेवणाच्या वेळा दोन-तीन तुकड्यांत करा, हवामान बरं असेल तर बाहेर बसा, मीटिंग ऑनलाइन घ्या, आणि शाळेला एकच फिल्टर परवडत असेल तर तो स्टाफरूममध्ये लावायचा विचार आधी करा. शिक्षकांना हे ऐकायला आवडत नाही, पटतं मात्र लगेच.

पालकांची बाजू मी हलकी धरत नाही. नेदरलँड्समध्ये शाळा फक्त आठ आठवडे बंद होत्या, घरोघरी चांगलं इंटरनेट होतं, तरी मुलं त्या काळात जवळपास काहीच पुढे गेली नाहीत, आणि कमी शिकलेल्या घरांतल्या मुलांचं नुकसान ६० टक्क्यांपर्यंत जास्त होतं. जिथे शाळा वर्ष-दीड वर्ष बंद होत्या तिथे काय झालं असेल याची कल्पना करा. शाळा म्हणजे मुलांचं जेवण असतं, घरात मार खाणाऱ्या मुलाकडे लक्ष देणारी एकमेव मोठी व्यक्ती तिथे असते, मुलीच्या लग्नाची घाई करणाऱ्या घरासमोर उभं राहायला एक कारण असतं. म्हणून शाळा सगळ्यात शेवटी बंद व्हाव्यात आणि सगळ्यात आधी उघडाव्यात हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. पण ते पाळायचं तर बाकी समाजाने त्याची किंमत द्यायला हवी. न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर २०२० मध्ये शहराचा पॉझिटिव्हिटी रेट, म्हणजे चाचण्यांपैकी पॉझिटिव्ह येणाऱ्यांचं प्रमाण, ३ टक्क्यांवर गेला म्हणून शाळा बंद केल्या आणि त्याच दिवशी रेस्टॉरंटमध्ये आत बसून जेवता येत होतं, जिम चालू होत्या. हा प्राधान्यक्रम उलटा होता. शाळा उघड्या ठेवायच्या असतील तर आजूबाजूची साथ खाली ठेवायला हवी, आणि त्यासाठी ज्या जागा मुलांपेक्षा कमी महत्त्वाच्या आहेत त्या बंद करायची हिंमत लागते. ते न करता सगळा भार शिक्षकांच्या शौर्यावर टाकायचा, हे मला मान्य नाही.

मग संघटना अडून बसल्या ते योग्य की अयोग्य? माझ्या मते दोन्ही प्रकार झाले. शिकागोमध्ये २०२१ च्या सुरुवातीला शिक्षक संघटना आणि प्रशासन यांच्यात जी खेचाखेची झाली तिचा शेवट काय झाला ते बघा, लस, चाचण्या आणि किती रुग्ण आले की वर्ग थांबवायचे याचे आकडे लेखी ठरले आणि टप्प्याटप्प्याने वर्ग भरले. म्हणजे मागण्या अशक्य नव्हत्या, त्या आधीच देता आल्या असत्या. इंग्लंडमध्ये तर ४ जानेवारी २०२१ ला बऱ्याच प्राथमिक शाळा सुट्टीनंतर उघडल्या, आदल्याच दिवशी पंतप्रधान बोरिस जॉन्सन शाळा सुरक्षित आहेत म्हणून सांगत होते, संघटना धोक्याचा इशारा देत होत्या, आणि त्याच संध्याकाळी जॉन्सन यांनीच शाळा बंदची घोषणा केली. एक दिवस मुलं एकमेकांत मिसळून घरी गेली. असं झाल्यावर पुढच्या वेळी सरकारने सुरक्षित म्हटलं तरी शिक्षकाने का विश्वास ठेवावा? दुसरीकडे लस मिळाली, हवेची सोय झाली, साथ उतरली तरी शून्य धोका होईपर्यंत येणार नाही असं म्हणणारे लोकही मी बघितलेत, आणि त्यांना मी तोंडावर सांगितलंय की शून्य धोका कुठल्याच कामात नसतो, नर्सच्या नसतो, बस ड्रायव्हरच्या नसतो, आपण मागायचं ते धोका शक्य तितका कमी केल्याचा पुरावा.

लसीच्या रांगेत शिक्षक कुठे असावेत यावरही भांडण झालं. चिलीने मार्च २०२१ मध्ये शाळा उघडण्याआधी फेब्रुवारीतच शिक्षकांना लस द्यायला सुरुवात केली, अमेरिकेने मार्चमध्ये प्राधान्य दिलं, ब्रिटनने मात्र वयाचाच क्रम ठेवला. लस तुटपुंजी असेल तर म्हातारे आणि आजारी आधी, यात मला शंका नाही. पण त्यानंतर लगेच शिक्षक, कारण एका शिक्षकाला दिलेल्या डोसमागे तीस-चाळीस मुलांचा वर्ग चालू राहतो.

एक गोष्ट मात्र पुढच्या साथीसाठी लक्षात ठेवा, ती कोविडसारखी असेलच असं नाही. कोविडने लहान मुलांना बऱ्याच प्रमाणात सोडलं म्हणून मुलं आत, शिक्षक जपा हे गणित जमलं. मुलांनाच जास्त मारणारा फ्लू आला तर शाळा लवकर आणि जास्त काळ बंद कराव्या लागतील आणि तेव्हा कोविडच्या वेळी उगाच बंद केल्या म्हणून आता करू नका असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तरी तेव्हाही एकच उत्तर सगळीकडे लागू होत नाही. १९१८ च्या फ्लूमध्ये अमेरिकेतली बहुतेक शहरं शाळा बंद करत असताना न्यूयॉर्कने त्या उघड्या ठेवल्या होत्या, आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांचं म्हणणं होतं की गर्दीच्या चाळवजा घरांपेक्षा स्वच्छ, हवेशीर शाळेत, रोज सकाळी तपासणी करणाऱ्या नर्सच्या नजरेखाली मुलं जास्त सुरक्षित आहेत. त्या निर्णयावर अजून वाद आहे, पण त्यात शाळेत नर्स होती आणि रोज तपासणी होती, हा भाग उघडा ठेवा म्हणणारे विसरतात.

शेवटी, तुम्ही शिक्षक असाल आणि उद्या शाळा उघडायचं पत्र हातात पडलं तर काय करायचं. सरसकट नकार देऊ नका आणि मुकाट्याने जाऊही नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात असं तत्त्व आहे की जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं वाटायला वाजवी कारण असेल तर कामावरून बाजूला होणाऱ्या कामगाराला त्याबद्दल शिक्षा होऊ नये, आणि २०२२ मध्ये सुरक्षित कामाची जागा हा कामगारांच्या मूलभूत हक्कांत धरला गेला. आपल्या देशाने तो करार स्वीकारलाय का आणि स्थानिक कायदा काय म्हणतो हे संघटनेच्या वकिलाकडून बघून घ्या. पण या तत्त्वाचा जोर वाजवी कारण या शब्दांवर आहे, नुसतं भीती वाटते म्हणून चालत नाही. म्हणून अर्ज मोघम लिहू नका. कुठली खोली, किती चौरस मीटर, किती मुलं, किती खिडक्या उघडतात आणि किती गंजून बसल्यात, सीओटू किती आला आणि किती वाजता, आजारी पडल्यावर रजा कापणार का, बदली शिक्षक कोण, वर्गात रुग्ण निघाला तर कळवणार कोण आणि किती तासांत, हे सगळं तारीख टाकून लिहा, सोबत काय केलं तर तुम्ही वर्ग घ्यायला तयार आहात तेही लिहा, पाच-सहा सहकाऱ्यांच्या सह्या घ्या आणि पोच घेऊन द्या. असा अर्ज हातात पडला की चांगला मुख्याध्यापक तो घेऊनच वरती पैसे मागायला जातो, मी हे झालेलं बघितलंय, आणि पैसे नाही मिळाले तरी गंजलेल्या खिडक्यांना तेल घालायला एक सुतार दुसऱ्या दिवशी येतोच.